उमेळ्याच्या विहिणीचं उत्तर

वाल अर्धे सोलून झाले होते. परातीत एका बाजूला डाळिंब्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोड आलेले अजून सालीतलेच, आणि मधे सालींचा ओला लगदा. रुचिताची बोटं बुळबुळीत झाली होती. फोन वाजला तसा तिनं तो कोपरानं ओढून जवळ घेतला आणि नाव पाहून हसतच कानाला लावला, कारण तेजसचा फोन म्हणजे काहीतरी थट्टामस्करी असायचीच. तेजस राऊत उमेळ्याचा. रुचिताच्या धाकट्या दिराची मुलगी इशिता, तिचा होणारा नवरा. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

तेजस आज हसला नाही.

“काकी, आई आमंत्रणं करायला निघालीच नाहीये,” तो म्हणाला. “पत्रिका तशाच पडल्यात. म्हणते, आधी नाव कळू दे.”

“कसलं नाव रे?”

“परवा रेडिओवर तुम्ही ते पिशवीचं म्हणालात ना. ते तुम्हाला कोणी सांगितलं, त्याचं नाव. म्हणते, ज्या माणसानं माझ्या पिशवीत डोकावून बाहेर हसं केलं, त्या माणसाशी मला सोयरीक नको. बाबांनी पण तेव्हापासून रेडिओ बंद करायला लावलाय.”

मग त्यानंच हळू आवाजात विचारलं की, खरंच, सांगितलं तरी कोणी. रुचिता म्हणाली, मी बघते, आणि फोन ठेवला. मागे स्वयंपाकघराच्या दारात इशिता उभी होती. तिच्या हातात मापाला आणलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. सांगणारी तीच होती.

आता ही रुचिता कोण, आणि ती रेडिओवर काय बोलते, ते आधी सांगायला हवं.

वसईतल्या सांडोरच्या वाड्यांमध्ये लग्नात विहिणीला चिडवायची रीत आहे. नवरीकडच्या बायका मांडवात बसून नवऱ्याच्या आईवर गाणी रचतात. तिच्या चालण्यावर, तिच्या लुगड्यावर, तिच्या चिकटपणावर. विहिणीनं रागवायचं नसतं. सगळ्याच बायकांना हे जमत नाही. कोणाला गळा असतो तर शब्द सुचत नाहीत, शब्द सुचले तर तोंड उघडत नाही. देवानं रुचिताला दोन्ही दिलं होतं. आगाशीहून ती लग्न होऊन सांडोरला आली, तेव्हा तिच्याच लग्नात तिच्याकडच्या बायका गाताना मधेच अडल्या. पुढची ओळ कोणाला सुचेना. रखमाबाई, म्हणजे रुचिताची सासू, समोर मांडी घालून बसली होती आणि जिंकल्यासारखी हसत होती. तेवढ्यात मुंडावळ्या बांधून मान खाली घालून बसलेल्या नवरीनंच पुढची ओळ म्हटली. ती ओळ सासूच्या तपकिरीवर होती. मांडव सगळा गप्प झाला आणि मग असा हसला की भटजींना मंत्र थांबवावे लागले.

रखमाबाई तेव्हा एवढंच म्हणाली होती, “ही माझ्याच घरी येणार आहे ना? येऊ दे.”

पण घरी आल्यावर तिनं सुनेला छळलं नाही. उलट पुढच्या प्रत्येक लग्नाला ती तिला आपल्या शेजारी बसवू लागली. कुठल्या विहिणीला काय टोचेल आणि काय नुसतं गुदगुल्या करेल, ते रखमाबाईला नेमकं कळायचं. रुचिता रचायची आणि रखमाबाई कानात सांगायची, हे म्हण, हे गाळ. वाडीत दोघींची जोडी होऊन गेली.

लग्नांवरून नवरात्रातल्या नाटुकल्या आल्या. एका लग्नाला मुंबईच्या रेडिओचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते, ते तिला म्हणाले की असं काही लिहून पाठवत जा. तिनं कितीतरी वर्षं पाठवलं. पाच-पाच मिनिटांच्या गमती, दोन बायकांचं भांडण, पाण्याच्या टँकरपाशी, बाजारात, दवाखान्यात. तिकडे त्या शुद्ध भाषेत करून दुसरंच कोणी वाचायचं. नाव शेवटी घाईघाईनं घ्यायचे, एखाद्या वेळी राहूनही जायचं. रुचिताचा नवरा धवल म्हणायचा, तुझी गंमत तिकडे जाऊन इस्त्री होऊन परत येते. तिला ते बोचायचं, पण खरंही वाटायचं.

मग वसई रोडजवळ एका इमारतीत, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, छोटं लोकरेडिओ केंद्र निघालं. मर्सी नावाची बाई ते चालवायची. शाळेत शिकवून लवकर निवृत्त झालेली, आवाजानं करारी, पण मनानं भाविक, रोज सकाळी चर्चला जाऊन आल्याशिवाय कामाला हात न लावणारी. तिला गावच्या बोलीत बोलणारं माणूस हवं होतं. रुचिता लिहून दिलेले कागद द्यायला गेली, वाचणारी मुलगी त्या दिवशी आलीच नाही, आणि मर्सीनं हिलाच माइकपुढे बसवलं. कागद बाजूला ठेवून ही घरच्या बोलीत अशी सुटली की काचेपलीकडे यंत्रांवर बसलेला पियुष तोंडावर रुमाल दाबून बसला. त्याला हसायची मनाई होती. माइक हसू पकडतो.

तेव्हापासून तिची ‘बयोकाकी’ वसईभर ऐकू यायला लागली. बयोकाकी म्हणजे सगळ्यांच्या घरात नाक खुपसणारी, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी एक बाई. केळीच्या बागेत झाडाला रेडिओ टांगून माणसं ऐकायची. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या बायका फोन करायच्या की, बयो, आज नळाला पानी नाय आला, तू ये कळशी घेऊन. ही माइकवरून म्हणायची, येते, पण बदल्यात पापलेट लागेल. लोक रस्त्यात ओळखू लागले. रिक्षावाले विचारायचे, तुम्ही त्याच ना? रुचिता देवापुढे दिवा लावताना म्हणायची, हे सगळं तुझं आहे, माझ्या डोक्यात जाऊ देऊ नकोस. पण थोडं गेलंच असावं.

या लग्नसराईत तिनं नवीन कार्यक्रम सुरू केला, ‘मांडवातून’. दर शुक्रवारी दुपारी, थेट. नवरीकडच्यांनी फोन करून विहिणीच्या सवयी सांगायच्या, हिनं गाणं रचायचं. विहीणही घरच्यांना जमवून ऐकायला बसायची, नंतर फोन करून हसायची. सगळं छान चाललं होतं. आणि मग तिला वाटलं, आपल्याच इशिताच्या लग्नातली विहीण का राहावी? इशिताला तिनं सहज विचारलं, तुझ्या सासूचं काहीतरी सांग गं. इशितानं हसत हसत सांगितलं की, काकी, त्यांची ना एक निळी पिशवी आहे. कुठल्याही कार्याला गेल्या की आधी डबा भरून घेतात, मग जेवायला बसतात. साखरपुड्याला पण घेतला.

रुचिताचा धंद्यातला एक नियम होता. नुसतं ‘एक बाई’ म्हटलं तर कोणी हसत नाही. ‘निळ्या पिशवीची बाई’ म्हटलं की हसतात. म्हणून पिशवीचा रंगही ठेवला आणि गावही ठेवलं:

उमेळ्याची विहीण आली, मांडवात बसली गं,
निळी पिशवी मांडीवर, पंगत तिला दिसली गं.
आधी भरला डबा तिनं, मग मांडलं पान गं,
डब्यालाच द्या आता विहिणीचा मान गं.

पियुष त्या दिवशी रुमाल घेऊन खोलीबाहेर गेला होता. गाणं फोनोफोनी फिरलं. उमेळ्याच्या किराणा दुकानात तेजसची आई रुक्मिणीबाई साखर घ्यायला गेल्या, तर तिथं उभ्या असलेल्या कोणीतरी विचारलं, काकू, डबा आणलात का? दुकानदार हसला. रुक्मिणीबाई साखर न घेताच घरी आल्या.

दुकानातलं हेही तेजसनं फोनवर सांगितलं होतं; रुचिताला सगळं आज, वाल सोलता सोलता कळत होतं.

इशिता रडत नव्हती. ती म्हणाली, “मी जाते आणि सांगते त्यांना, मीच बोलले.”

“तू कुठंही जायचं नाही,” रुचिता म्हणाली. “तुला ऐकू आलं ना तो काय म्हणाला? सांगणाऱ्याशी सोयरीक नको.”

“मग तू काय सांगणार?”

रुचितानं परातीतल्या साली एका बाजूला ओढल्या. साखरपुड्याला ती स्वतःही हजर होती. मीच पाहिलं, असं म्हटलं तर कोणाला खोटं वाटलं नसतं. पण तिनं पाहिलं नव्हतं. ती त्या वेळी पाहुण्यांना कुंकू लावत होती.

रखमाबाई पलीकडे ओटीवर बसून सगळं ऐकत होती. आता तिचं वय झालंय, पण कान तिखट आहेत. तिनं सुनेला हाक मारली आणि विचारलं की, चिडवून झाल्यावर तू त्या बाईचं तोंड गोड केलंस का? रुचिता म्हणाली, आई, रेडिओवर कसं करणार? रखमाबाईनं विचारलं, बरं, तिला उलट गाऊ दिलंस का? गाणं संपल्यावर तिथं जाहिरात लागते.

“मग ते चिडवणं नव्हतं,” रखमाबाई म्हणाली. “मांडवात आपण एक म्हणतो, ती दोन म्हणते, मग साखर भरवून ओटी भरतो. म्हणून तर राग धरायचा नाही असं ठरलंय. तू अर्धीच रीत उचललीस. समोर नसलेल्या बाईवर गायलीस. याला आमच्यात चहाडी म्हणतात.”

एवढं कडक ती सुनेशी कधी बोलली नव्हती. रुचिताला वाटलं, जमीन दुभंगावी. पण तिथंच तिला वाटही दिसली. तिनं हात धुतले, साडी नीट केली आणि उमेळ्याला फोन लावला. फोन रुक्मिणीबाईंनीच उचलला. रुचितानं आधी क्षमा मागितली. मग ती म्हणाली, विहीणबाई, मी घरी येऊन पाया पडते, तुम्ही म्हणाल ते ऐकून घेते.

“घरात कशाला?” रुक्मिणीबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटली. “माझं हसं घरात झालं का? जिथं बोललीस तिथंच मी बोलेन. आणि तिथंच तुला विचारेन. शुक्रवारी येते.”

मर्सीला हे मुळीच पटलं नाही. तिनं रुचिताला समोर बसवून समजावलं की, चिडलेलं माणूस थेट माइकवर आणणं म्हणजे घासलेट ओतणं. बाई शिव्या देईल, कोणाची नावं घेईल, उद्या केंद्रावर बालंट येईल. आधी रेकॉर्ड करू, नको ते कापू, मग लावू. सगळीकडे असंच करतात. रुचितालाही क्षणभर तेच हवंसं वाटलं. कापता आलं असतं तर तो प्रश्नच कापता आला असता. इशिताचं नाव निघण्याआधी कात्री.

पण तिनं नाही म्हटलं. माझं थेट गेलं होतं, तिचंही थेटच जाईल, असं म्हणाली. मर्सीनं समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाली, “काही झालं तर कार्यक्रम बंद. तुझाही, कदाचित माझाही.” आणि जाताना गळ्यातला क्रूस मुठीत धरून गेली.

शुक्रवारपर्यंत रुचिताला अन्न गोड लागलं नाही. घरात जाऊबाई, म्हणजे इशिताची आई, तिच्याशी बोलत नव्हत्या. बोलायचं ते भांड्यांच्या आवाजातून बोलायच्या. शुक्रवारी सकाळी तिनं देवीची ओटी भरली, लाल फूल वाहिलं आणि डोळे मिटून मागणं मागायला गेली, तर काय मागावं तेच कळेना. खोटं बोलायचं बळ दे, असं देवीकडे कसं मागणार? शेवटी ती म्हणाली, पोरीचं घर मोडू नकोस, बाकी तुला दिसतंय. साखरेची छोटी डबी पर्समध्ये टाकली आणि निघाली.

रुक्मिणीबाई तिच्याआधीच येऊन बसल्या होत्या. सडपातळ बाई, केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला. तेजस सोबत होता, त्याला त्यांनी खालीच, औषधाच्या दुकानापाशी थांबायला लावलं. रुचितानं नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, पण मान हलवली नाही. माइकच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या, मधे एक टेबल आणि दोन माइक. काचेपलीकडे पियुष, त्याच्या मागे मर्सी उभी. पियुषनं बोट वर केलं आणि लाल दिवा लागला.

रुचितानं नेहमीसारखा आवाज लावला नाही. बयोकाकीही आणली नाही. ती साध्या भाषेत म्हणाली की, गेल्या शुक्रवारी मी एका विहिणीला तिच्या पाठीमागे चिडवलं. आपल्या रीतीत उत्तर ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नसतं, मी उठले. आज त्या इथं आल्यात. आता त्या बोलतील, मी ऐकेन.

आणि तिनं माइककडे हात केला.

रुक्मिणीबाई बोलल्या नाहीत.

रेडिओवर काहीच ऐकू न येणं ही फार वाईट गोष्ट असते. माणसं लगेच बटण फिरवतात, पियुष अशा वेळी गाणं लावून टाकतो. त्याचा हात बटणाकडे गेला. रुचितानं मान हलवून नाही म्हटलं. खालून रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते. सांडोरला आत्ता घरोघरी रेडिओ लागलेले असणार, आणि त्यातला एक तिच्याच घरी, त्याच्यासमोर इशिता, तिची आई आणि रखमाबाई. उमेळ्यातही लागलेले असणार.

मग रुक्मिणीबाई माइककडे न बघता, सरळ तिच्या डोळ्यात बघून म्हणाल्या, “माझ्या पिशवीचं तुला कोणी सांगितलं?”

आला प्रश्न. इतके दिवस तिनं त्याची उत्तरं घोकली होती. मीच पाहिलं. कोणीतरी म्हणालं. आठवत नाही. तिन्ही जिभेवर होती आणि तिन्हींना एकच चव होती. काचेपलीकडे मर्सीनं डोळे मिटले होते.

“ते मी सांगणार नाही,” रुचिता म्हणाली.

“सांगणार नाही?”

“नाही. कोणी सहज म्हणालं असेल. त्याचं गाणं मी केलं, गाव मी घातलं, रंग मी घातला. हसवलं मी. राग धरायचा तर माझ्यावर धरा. नाव नाही मिळणार.”

“आणि त्यापायी लग्न मोडलं तर?”

रुचिता माइकजवळ सरकली. नाव सांगितलं तर मोडणार होतं, नाही सांगितलं तर मोडणार होतं. तिला फक्त एवढं कळत होतं की, जे काही मोडायचं ते तिच्या तोंडून पोरीचं नाव निघून मोडता कामा नये. “तर ते माझ्यामुळे मोडलं असं सगळी वसई ऐकतेय,” ती म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी पदर नीट केला. मग पहिल्यांदाच त्या माइककडे वळल्या, आणि एखाद्या शेजारणीशी कुंपणापाशी बोलावं तशा बोलू लागल्या. त्या म्हणाल्या, आमच्या घरच्यांना, म्हणजे जगन्नाथरावांना, उमेळ्यातलं जुनं माणूस ओळखतं. गावात कुठंही कार्य असो, मोठ्या पातेल्यापाशी तेच उभे असायचे. आचारी बाहेरचा असला तरी मीठ यांनी चाखल्याशिवाय पंगत बसायची नाही. अर्धांगवायूनं ते अंथरुणाला खिळल्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी मऊ भात सांगितलाय, तोच खातात. पण गावात लग्न असलं की सकाळपासून दाराकडे बघत राहतात. म्हणून मी डबा नेते. जेवायला नाही नेत. प्रत्येक पदार्थात बोट बुडवून त्यांच्या जिभेला लावते. ते सांगतात, काय कमी, काय जास्त. त्यांचं बोलणं आता माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. आधी भरते, कारण पंगत बसल्यावर पातेल्यातली चव बदलते, असं त्यांचं म्हणणं.

“तुझा कार्यक्रम ते न चुकता ऐकायचे,” त्या रुचिताला म्हणाल्या. “गेल्या शुक्रवारी पण ऐकत होते. गाणं झालं आणि मला म्हणाले, आता डबा नको आणूस.”

आता रुचिताच्या डोळ्यांतलं पाणी कोणाला रेडिओवर दिसणार नव्हतं, आणि दिसायलाही नको होतं.

“पण माझं उत्तर राहिलं,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “तुमच्यात असेल, तशी उलट गायची रीत आमच्यातही आहे. गळा मला नाही. बोलून सांगते. साखरपुडा तुमच्याकडे होता. स्वयंपाक तुमच्या घरचा. डबा मी नेला. जगन्नाथरावांनी चाखला, आणि काय म्हणाले ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तर आता उमेळे, सांडोर आणि सगळ्या वसईनं ऐका. अळूच्या भाजीत गूळ ढीगभर आणि मीठ नाही. मसालेभात नुसता रंगाला मसालेदार. ते म्हणाले, या घरातली पोरगी आणायची तर आण, पण तिच्या काकीला आमच्या चुलीपाशी उभी करू नकोस.”

पियुषचा रुमाल खिशातच राहिला. तो हसला ते माइकनं पकडलंच, मर्सीचंही पकडलं. त्या दिवशीची अळूची भाजी खरोखरच रुचितानं केली होती. ती हसत होती की रडत होती, हे तिचं तिलाच कळलं नाही. कशीबशी म्हणाली, “हरले, विहीणबाई,” आणि पियुषनं गाणं लावलं. लाल दिवा विझला.

खोलीत आता दोघीच होत्या, आणि बाहेर कोणाला काही ऐकू जात नव्हतं. रुचितानं पर्समधून साखरेची डबी काढली. रुक्मिणीबाईंनी तिचा हात अडवला.

“ती राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि कोणी सांगितलं ते मला पहिल्यापासून माहितीये. साखरपुड्याला डबा भरताना माझ्याजवळ एकटी तीच होती. झाकण तिनंच लावून दिलं.”

रुचितानं डबी टेबलावर ठेवली.

“मग विचारलंत का?”

“तू तिला पुढे ढकलतेस का ते बघायचं होतं. पोर आहे, तोंडून निघून गेलं असेल. पण मोठी माणसं अडचणीत आली की लहानांचं नाव पुढे करतात की नाही, ते मुलगी घरात घ्यायच्या आधी बघावं लागतं. तू नाव घेतलं असतंस, तर मी उठून गेले असते.” मग म्हणाल्या, “माझा राग गेला असं समजू नकोस. दुकानात जे झालं ते माझ्या मनातून जायला वेळ लागेल. आणि ती पोरगी येऊन यांच्याशी स्वतः बोलेल, मगच साखर खाईन. तेही त्यांनी पुन्हा डबा मागितला तर.”

रुचितानं मान हलवली. इशिता येईल, आजच येईल, असं ती म्हणू लागली.

“आज नको. आज त्यांनी हे ऐकलं असेल तर त्यांना एकटं राहू दे,” रुक्मिणीबाई उठल्या आणि दाराशी जाऊन वळल्या. “आमंत्रणं सगळी राहिलीत. दोन दिवस घराबाहेर पडावं लागेल, तेजसला सुट्टी नाही. आज शेजारीण बसलीये, पण रोज यांच्यापाशी बसायला कोणी नाही. बसशील? दर तासाला कूस बदलावी लागते, आणि दुपारी मऊ भात भरवायचा. मीठ बघून घाल.”

खाली तेजस उभा होता. त्यानं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मग वरच्या खिडकीकडे. रुचितानं तिथून हात हलवला. घरून फोन येत होता, एकसारखा, इशिताचा असणार. मर्सी आत येऊन खुर्चीवर मटकन बसली आणि म्हणाली, पुढच्या वेळी मला हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन जा, मग असले खेळ कर.

रुचिताला अजून धीर नव्हता. रुक्मिणीबाईंनी हो म्हटलं नव्हतं, फक्त नाही म्हटलं नव्हतं. जगन्नाथरावांनी पुन्हा रेडिओ लावायला सांगितला की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. तिनं फोन उचलला, इशिताला म्हणाली, सगळं घरी येऊन सांगते, आधी एक कर, माझा उद्याचा जेवणाचा डबा सकाळी तू भर. मला सकाळी उमेळ्याला जायचंय, जगन्नाथरावांपाशी बसायला.